आळस कसला, दारच बंद आहे

लेखात म्हटलंय की एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) एकदा लिहिलं की सगळ्या ब्राउझरांत चालतं, म्हणजे ट्रॅकर (वेबवर आपल्यावर पाळत ठेवणारा कोड) अडवणारं प्रायव्हसी बॅजर अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरवर नसणं हा ते बनवणाऱ्या ईएफएफ या डिजिटल हक्कांच्या संस्थेचा आळस. नाही पटलं. साधं नोट्सचं एक्स्टेन्शन असेल तर थोड्याफार डागडुजीने चालेलही. पण ट्रॅकर अडवणाऱ्याला ब्राउझरची प्रत्येक विनंती बाहेर पडण्याआधी तपासावी लागते, आणि सफारी ती मुभाच देत नाही. नियमांची यादी आमच्याकडे द्या, अडवायचं आम्ही बघतो, असा कारभार! क्रोमनेही मॅनिफेस्ट व्ही३ ही एक्स्टेन्शनांची नवी नियमावली आणून तीच वाट धरली, म्हणून यूब्लॉक ओरिजिन या जाहिराती-ट्रॅकर अडवणाऱ्या एक्स्टेन्शनची काटछाट केलेली 'लाइट' आवृत्ती काढावी लागली. फायरफॉक्सवर मूळ यूब्लॉक अजून चालतं. तिथे ते सीनेमच्या (साइटच्या नावाला दुसऱ्याच नावाकडे वळवणाऱ्या नोंदीच्या) आड दडलेले ट्रॅकरही पकडतं, कारण फायरफॉक्स एक्स्टेन्शनला डीएनएसकडे, म्हणजे नावामागचा खरा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेकडे, विचारणा करू देतो. क्रोममध्ये ही सोय नाही.

शिवाय अ‍ॅपलच्या स्टोअरमध्ये माल मांडायचा तर वर्षाला ९९ डॉलर. मोठ्या संस्थेचं ठीक आहे हो, पण रात्री जागून फुकट कोड लिहिणाऱ्या एकट्यादुकट्याने ते का भरावेत? माझ्या मॅकवर मी सरळ फायरफॉक्स टाकलाय.