क्लोजअपच कशाला हवाय दरवेळी?

सिनेमातल्या शॉट्सवरचा हा लेख चांगलाय, पण त्यातलं ‘भावना दाखवायची तर क्लोजअपच’ (म्हणजे चेहरा किंवा वस्तू अगदी जवळून) हे काही पटलं नाही बुवा. चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ सिनेमा बघा, कॅमेरा बहुतेक वेळ लांब एका जागी ठेवलेला, वाइड फ्रेम, आणि सुट्टी लागल्यावर कोर्टातले दिवे बंद होत जातात तो शॉट, कुणाचाच चेहरा जवळून नाही तरी पोटात कालवतं.

आम्ही मागे मोबाइलवर शॉर्टफिल्म केली होती मावशीच्या स्वयंपाकघरात, हौसेनं सगळं क्लोजअपमध्ये, हात, डोळे, उकळता चहा वगैरे. एडिटला बसलो तर मावशी ओट्यापाशी आहे की दारात तेच कळेना, मास्टर शॉट, म्हणजे सगळी जागा आणि माणसं एकत्र दाखवणारा शॉट, घेतलाच नव्हता! त्यात कपाचा कान एका शॉटात डावीकडे, पुढच्यात उजवीकडे, आणि ते झाकायला मध्ये टाकावा असा दुसरा शॉटच नाही.

अजून एक, मिड शॉट कंबरेपर्यंत हे लेखातलं बरोबर, पण फ्रेम नेमकी गुडघ्यावर किंवा मनगटावर कापू नका, माणूस तोडल्यासारखा दिसतो, थोडं वर नाहीतर खाली घ्या. आणि हेडरूमचं, म्हणजे डोक्यावर सोडायच्या मोकळ्या जागेचं, तर बोलूच नका, आमच्याकडच्या लग्नाच्या व्हिडिओत वर अर्धा मांडव आणि नवरानवरी पार तळाला.