पाच अंशांचा तिरपेपणा आणि राहूची फुकटची बदनामी

७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाआधी एक मेसेज जोरात फिरला. थोडक्यात म्हणणं असं: 'सावलीबिवली थोतांड आहे, नाहीतर दर पौर्णिमेला ग्रहण लागलं असतं. पंचांग सांगतं तेच खरं, राहू ग्रासतो. तेव्हा चंद्रातून विषारी किरण निघतात म्हणून तो रक्तासारखा लाल होतो. बघू नका, जेवू नका, गरोदर बाईने सुरीला हात लावू नये.'

यातला पहिला प्रश्न खरं तर चांगला आहे. उत्तर शोधायचे कष्ट तेवढे घेतलेले नाहीत. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी साधारण ५ अंशांनी तिरपी आहे. पाच अंश म्हणजे किती, असं वाटेल. पण ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर तेवढ्याने चंद्र ३४ हजार किलोमीटरपर्यंत वर-खाली होतो, आणि तिथे पृथ्वीची गडद सावली रुंदीला जेमतेम ९ हजार किलोमीटर. एरवी तो तिच्या वरून नाहीतर खालून निसटतो. या दोन पातळ्या छेदतात त्या बिंदूजवळ पौर्णिमा आली, तरच सापडतो.

गंमत म्हणजे या दोन छेदबिंदूंनाच आपल्या ज्योतिर्गणितात राहू आणि केतू म्हणतात. पंचांगातलं 'राहुग्रस्त' ते हेच. त्याच्यापुढे स्पर्श (ग्रहणाची सुरुवात), संमीलन (चंद्र पूर्ण झाकला जाणं), मध्य, उन्मीलन (पुन्हा उघडू लागणं), मोक्ष (ग्रहण सुटणं) यांच्या वेळा मिनिटांसकट छापलेल्या असतात. राक्षसाला भूक किती वाजून किती मिनिटांनी लागणार, हे कुठल्या गणिताने काढणार? चंद्राला पृथ्वीची सावली झाकते हे आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास लिहून ठेवलंय. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांच्या १५२० मधल्या 'ग्रहलाघवा'वर महाराष्ट्रातली पंचांगं कित्येक पिढ्या चालली. त्यातही चंद्रग्रहणाचं गणित सावलीच्या बिंबावरूनच आहे.

सावली डोळ्यांनीही दिसते. त्या रात्री ९:५७ ला स्पर्श झाला. ढगांच्या फटीतून आम्ही गच्चीवरून बघत होतो. चंद्रावर चढणारी काळी कड सरळ नव्हती, वाटीवर मोठं ताट सरकवावं तशी गोल होती. शेजारच्या काकू आधी दारातूनच डोकावत होत्या, ताट-वाटीचं ऐकून कठड्यापर्यंत आल्या.

११ वाजता चंद्र पूर्ण सावलीत गेला आणि तांबूस झाला. पृथ्वीच्या कडेच्या हवेतून जाताना निळा प्रकाश विखुरतो, तांबडा वळून सावलीत शिरतो. सूर्यास्ताचा रंग तोच. विषारी किरणांमुळे लाल होत असता, तर १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीने पृथ्वीच्या हवेत धूळ उडवल्यावर डिसेंबर १९९२ च्या ग्रहणात तो इतका काळवंडला नसता.

राहता राहिले किरण. चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही. ग्रहणात मिळतो तोही कमी होतो, मग जास्तीचं विष आणायचं कुठून? डोळ्यांची काळजी सूर्यग्रहणात घ्यायची, ती इथे उगाच चिकटवलीय. अन्नही त्याने बिघडत नाही.

सुरीचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ग्रहणात गरोदर बाईने काही चिरलं तर बाळाचा ओठ फाटका होतो, असा समज आहे. बाळाचा ओठ गर्भारपणाच्या पहिल्या दोनेक महिन्यांतच जुळतो. आठव्या महिन्यात कांदा चिरल्याने तो फाटत नाही. पण तासन्‌तास उपाशी, तहानलेलं ठेवल्याचा त्रास त्या बाईला नक्की होतो.

भारतातून दिसणारं खग्रास चंद्रग्रहण ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्रीही आहे. खग्रास अवस्था ७१ मिनिटं, मोक्ष बाराच्या आसपास. गच्च्या तशाही भरलेल्या असतील.