नीटसाठी कोणती गाथा म्हणायची?

जयभीम.

गेल्या रविवारी आमच्या ऐरोलीच्या बुद्धविहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्यातल्या तीन महिन्यांचं, वाचन संपलं, खिरीच्या वाट्या फिरायला लागल्या आणि एक तरुण आई माझ्याशेजारी येऊन बसली. नुकतीच घणसोलीहून इकडे राहायला आलेली. हळू आवाजात म्हणाली, "ताई, मुलगा पुढच्या वर्षी मेडिकलच्या नीट परीक्षेला बसतोय. त्याच्यासाठी कोणती गाथा म्हणायची? आणि किती वेळा?"

मी घाईत होते. "अगं, तसं काही नसतं आपल्यात," एवढंच म्हणाले. तिचा चेहरा उतरला. घरी आल्यावर माझंच उत्तर मला टोचत राहिलं. 'आपल्यात नसतं' हे सांगायला आपल्याला वेळ लागत नाही. देव नाही, अवतार नाही, नवस नाही, श्राद्ध नाही. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बौद्ध धम्माच्या दीक्षेवेळी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतलं जे सोडायचं होतं ते आपल्या आईवडिलांनी सोडलं. माझी आई माणगावकडची. देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले तेव्हा ती सहा-सात वर्षांची होती आणि आजीच्या पदराला धरून काठावर उभी होती, हे तिने आम्हाला कितीदा तरी सांगितलंय. पण सोडल्यावर हातात घेतलं काय, हे त्या तरुण आईला कुणी शेजारी बसवून सांगितलंय का? मीही नाही सांगितलं. म्हणून हे लिहितेय. लांबलंय, पण वाचा.

आपल्या वंदनेत मागणं कुठे येतं ते बघा. भन्तेजी, म्हणजे बौद्ध भिक्खू, समोर असले की आपण हात जोडून म्हणतो, "ओकास, अहं भन्ते, तिसरणेन सद्धिं पञ्चसीलं धम्मं याचामि." याचामि म्हणजे मी याचना करते, मागते. काय मागते? त्रिशरण, म्हणजे बुद्ध, धम्म, संघ यांचा आसरा, आणि पंचशील, म्हणजे वागण्याची पाच शीलं. पुढे "सीलं देथ मे भन्ते", मला शील द्या. एकदा म्हणून भागत नाही, दुतियम्पि, ततियम्पि करत तीनदा. पोरगा पास होऊ दे, सिडकोच्या लॉटरीत नंबर लागू दे, यातलं काहीच नाही. हात जोडून मागायचं ते स्वतःला घालून घ्यायचं बंधन. मला पहिल्यांदा याचा अर्थ कळला तेव्हा अंगावर काटा आला होता.

कुणी म्हणेल, "होतु मे जयमङ्गलं" आहे की, मग ते मागणं नाही का? आहे. माझं मंगल होवो असंच आहे ते. पण त्याच्या आधीचे शब्द सोडून देऊ नका: "एतेन सच्चवज्जेन", या सत्यवचनाच्या बळावर. म्हणजे मंगल व्हायचं ते मी खरं बोलले म्हणून. वरून कुणी प्रसन्न झालं म्हणून नाही. बुद्धाने स्वतःला मोक्षदाता म्हटलं नाही, मार्गदाता म्हटलं, हे आपण बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये दर वर्षावासात वाचतो. वाट दाखवणाऱ्याला आपण पाठीवर घे म्हणत नाही.

खरी अडचण अशी की वंदनेतले पाली भाषेतले शब्द मराठीसारखे ऐकू येतात आणि तिथेच आपण फसतो. शरण म्हटलं की मराठीत मान खाली जाते, शत्रूपुढे शस्त्र टाकल्यासारखी. पालीतलं सरण म्हणजे आसरा, पावसात वळचणीला उभं राहावं तसा. आणि 'सिक्खापदं'! माझी आई ते 'शिक्षापदम' म्हणायची. लहानपणी मला वाटायचं हे शील मोडलं की शिक्षा होणार, म्हणून त्याला शिक्षापद म्हणत असतील. सिक्खा म्हणजे शिकणं. बाबासाहेबांच्या 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' मधलं शिका. "पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि" यात 'हिंसा करू नकोस' असं कुणी कुणाला दरडावत नाही. जीवहिंसेपासून दूर राहायला शिकायचं, हा धडा मी घेते आहे, असं माझं मीच म्हणते. समादियामि, मी अंगीकारते. पाचही वेळा क्रियापद माझं. नापास झालात तरी धडा तुमचाच राहतो, पुढच्या रविवारी परत घ्यायचा.

हे मला पुस्तकाने नाही शिकवलं, माझ्या वडिलांनी, आप्पांनी शिकवलं.

आप्पा ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत होते. तिन्ही पाळ्या. प्यायचे. ज्यांच्या घरात हे होतं त्यांना वेगळं सांगायला नको आणि ज्यांच्या घरात नव्हतं त्यांना सांगून कळणार नाही. पण रविवारी अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून ते विहारात यायचे आणि पुरुषांच्या शेवटच्या रांगेत भिंतीला लागून बसायचे. त्यांचा आवाज जाड होता, सगळ्यांत वेगळा ऐकू यायचा. पाणातिपाता म्हणायचे, अदिन्नादाना म्हणायचे, कामेसु मिच्छाचारा, खोटं न बोलण्याचं चौथं मुसावादाही. दारूपासून दूर राहण्याचं पाचवं, "सुरामेरयमज्जपमादट्ठाना", आलं की तो आवाज बंद. ओळ संपेपर्यंत मान खाली. साधु, साधु, साधुला परत सुरू.

मी सातवीत असताना आईला विचारलं, "आप्पा पाचवं का म्हणत नाहीत?" ती भाकऱ्या थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "कसं म्हणतील? आत्ताच मुसावादा म्हणालेत ना."

आई शाळेत दुसरीपर्यंत गेलेली. सगळी वंदना कानाने शिकलेली, निम्मे उच्चार चुकीचे. पण चौथं शील पाचव्याला कसं धरून ठेवतं ते तिला माहीत होतं. नवऱ्याची दारू सुटावी म्हणून तिने बुद्धापुढे कधी पदर पसरला नाही. ती फक्त दर रविवारी त्यांचा पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवायची.

मी दहावीला होते त्या वर्षीच्या वर्षावासात एका रविवारी पाचव्या ओळीला मागून तो जाड आवाज आला. अडखळत, शब्द तोडत, पण आला. आईने मागे वळून बघितलं नाही. तिच्या हातातली उदबत्ती तेवढी हलत होती आणि राख माझ्या फ्रॉकवर पडली. मग दिवाळीनंतर तो आवाज परत गेला. चार-पाच महिने नाही. परत आला. असं दोनदा झालं. कुणी टोकलं नाही, कुणी विचारलं नाही. शेवटची अकरा वर्षं मात्र तो आवाज एकदाही थांबला नाही. याला मी पूजा म्हणते. कुशिनाऱ्याला शेवटच्या रात्री अवेळी फुललेल्या शालवृक्षांची फुलं भगवंत बुद्धांच्या अंगावर पडत होती, तेव्हा ते आपल्या शिष्याला, आनंदाला म्हणाले की तथागताची खरी पूजा याने होत नाही. जे भिक्खू, भिक्खुणी, उपासक, उपासिका धम्माप्रमाणे वागतात त्यांच्याकडून होते. आप्पांना हे सुत्त, बुद्धाचं हे प्रवचन, माहीत असेल असं मला वाटत नाही.

मग फुलं वाहायची कशाला, मेणबत्ती कशाला, असं आमच्या सोसायटीतली मैत्रीण मला विचारते, तेही मनापासून. तिला मी फुलाची गाथा सांगितली. रंग, गंध, गुण असलेली ही फुलं मी मुनींद्राच्या चरणी वाहते, अशी ती सुरू होते आणि शेवटी म्हणते, "पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं." हे फूल कोमेजतंय तसंच माझं हे शरीरही नाशाकडे चाललंय. ताजा मोगरा वाहतानाच त्याच्या कोमेजण्याचं बोलायचं. विहारात सकाळी आदल्या दिवशीची फुलं काढायचं काम माझ्याकडे आहे. कडा तपकिरी झालेल्या असतात, देठाशी चिकट. ती ओंजळीत घेताना गाथेचा उरलेला अर्धा अर्थ कळतो. आप्पा गेले त्या आठवड्यात मला ते काम दुसऱ्या कुणाला द्यावंसं वाटलं नाही.

आईला एकदा कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत नेलं होतं. ३ नंबरच्या चैत्यगृहात, म्हणजे पूजेच्या लेण्यात, ती खांबांमधून चालत स्तूपापर्यंत गेली आणि म्हणाली, "इथं आत मूर्ती नाहीच?" बाहेर व्हरांड्यात दोन्ही बाजूंना उंच उभे बुद्ध आहेत, पण ते नंतरच्या काळातले. आत पूजेला होता तो स्तूप. तिने प्रदक्षिणा घातली. मी तिला शिलालेखांचं सांगितलं: कान्हेरीला दान देणाऱ्यांत आपल्या कल्याणची माणसं आहेत, एका सोनाराने पाण्याचं टाकं दिलंय, एका लोहाराने वाट करून दिलीय. तिला ते फार आवडलं. परत येताना ठाण्यापर्यंत तेच. "पाणी दिलं त्याने. काय मागितलं नाही, पाणी दिलं."

लग्नांत वंदना कशी उरकली जाते त्यावर लिहायचं होतं. हॉलची वेळ संपत आली म्हणून पंचशील दीड मिनिटात आणि डीजे पाऊण तास. जाऊ दे, ते पुन्हा कधीतरी. एवढंच म्हणते की अर्थ न सांगता पाली पळवत राहिलो तर पुढची पिढी तिला मंत्रच समजणार आणि मंत्र म्हटला की तो कशासाठी, किती वेळा, हा प्रश्न येणारच. त्या तरुण आईची यात चूक नाही. तिला पोराच्या परीक्षेची भीती वाटत होती. दोन-दोन वर्षं क्लासला पैसे भरणाऱ्या घराला ती वाटणारच. भीती घेऊन ती विहारात आली आणि मी तिला 'आपल्यात नसतं' म्हणून परत पाठवलं.

काल तिला फोन केला. म्हटलं, गाथा म्हण, जरूर म्हण, मुलालाही घेऊन ये, पण अर्धा तास आधी या. आपण एकेक ओळ अर्थासकट म्हणू. धम्म 'एहिपस्सिको' आहे असं वंदनेतच आहे, ये आणि स्वतः बघ. वंदनेनंतर दहा मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे बघत बसतो आम्ही, त्यात त्यालाही बसू दे. पेपर सोपा जाईल असं मी नाही सांगणार. हे ती ऐकत होती. मग म्हणाली, "आणि त्याचे पप्पा आले तर चालेल का? ते जरा... रविवारी त्यांचं असतं." मी म्हटलं, चालेल. मागच्या रांगेत भिंतीजवळ जागा असते.

तिथे आजही दोन-तीन जण पाचव्या ओळीला गप्प होतात. मी मागे वळून बघत नाही.