बर्फाखालची जमीन

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात होक्काइदोतल्या निसेकोला जाऊन आले. जपानमध्ये येऊन अकरा वर्षं झाली, तरी तिथं जाणं राहिलं होतं. यंदा लेकाच्या शाळेला सुट्टी आणि ऑफिसातली रजा जुळून आली. तोक्योहून विमानानं शिन-चितोसे, तिथून जवळपास तीन तास बसनं हिराफू. बसच्या खिडकीतून दुतर्फा बर्फाच्या भिंती आणि छपरांवर फूट-दीड फूट जाडीचे थर दिसत होते.

या बर्फाची ख्याती जगभर आहे. ते ओलं नसतं. मुठीत दाबलं तर लाडू वळत नाही, कोरड्या रव्यासारखं बोटांतून निसटतं. सायबेरियातून निघालेला कोरडा, गार वारा जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतो, किनाऱ्याजवळच्या या डोंगरांना धडकून वर चढतो आणि सगळं ओझं इथंच टाकतो. एका हंगामात १४-१५ मीटर बर्फ पडतं. मी जावळीची मुलगी असल्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. अरबी समुद्रावरून आलेला वारा सह्याद्री चढतो, महाबळेश्वरला कोसळतो आणि माण-खटावला पोहोचेपर्यंत कोरडा होतो, हे आम्ही शाळेत शिकायच्या आधी अंगणात शिकलो. डोंगर तोच खेळ खेळतो. तिकडं थंडीचा, इकडं पावसाळ्याचा.

समोर योतेई. १,८९८ मीटरचा, फुजीसारखा शंकू. लेक स्कीच्या शिकवणीला गेला की मी लिफ्टच्या पायथ्याशी उभी राहून त्याच्याकडे बघत बसायचे. आणि खिशातला फोन थरथरत राहायचा, कारण आमच्या घराच्या ग्रुपवर त्याच आठवड्यात वाद पेटला होता.

वाद असा. शासनानं ‘नवीन महाबळेश्वर’ नावाचा गिरिस्थान प्रकल्प आखला आहे. राज्य रस्ते विकास महामंडळ त्याचं नियोजन प्राधिकरण आहे आणि प्रारूप आराखड्यात सातारा, जावळी, पाटण, महाबळेश्वर तालुक्यांतली २३५ गावं होती. बामणोलीच्या अलीकडचं आमचं गाव त्याच पट्ट्यातलं. आराखडा पुढं सरको न सरको, एजंट मात्र केव्हाच पोहोचले. थोरल्या दादाचं म्हणणं, वरची पड जमीन विकून टाकू, नाचणीला कोण जातंय आता. अण्णांचं म्हणणं, नाही. चुलतभावानं मध्येच लिहिलं, “ताई, तू जपानमध्ये बसून आम्हाला गावात राहायला सांगू नकोस.”

त्याचं बोलणं मी उडवून लावणार नाही. मी गाव सोडलं आणि त्या सोडण्यातून माझं घर उभं राहिलं. तरीही लिहिते आहे, कारण निसेकोत जे डोळ्यांनी पाहिलं ते आमच्या गावाला आज उपयोगी आहे. दहा वर्षांनी नसेल.

हिराफूच्या उतारावर पहिली लिफ्ट १९६१ साली आली. हिराफू ज्या कुच्चान नगरात येतं, ते तेव्हा बटाटा पिकवणाऱ्यांचं गाव होतं, आणि आजही आहे. गावाचं बोधचिन्ह स्की घातलेला बटाटा आहे! जपानी लोकांची स्कीची हौस ओसरली, दोन हजार सालानंतर ऑस्ट्रेलियन आले, मग हाँगकाँग, मलेशिया, सिंगापूरचा पैसा आला. आन्नुपुरी डोंगराच्या उतारांवर चार स्की रिसॉर्ट आहेत. त्यांपैकी हानाझोनो हाँगकाँगच्या समूहाकडे आहे आणि निसेको व्हिलेज २०१० पासून मलेशियाच्या समूहाकडे. परदेशी माणसानं जमीन घेण्यावर जपानमध्ये सर्वसाधारण बंदी नाही. कुच्चानच्या जमिनीचे भाव काही वर्षं देशात सर्वांत वेगानं वाढले. हिराफूच्या मुख्य रस्त्यावर मला दुकानांच्या पाट्या इंग्रजीत दिसल्या आणि कात्सु करीच्या एका ताटाला तीन हजार येनांहून जास्त मोजावे लागले. तोक्योत आमच्या घराजवळ तेच हजाराच्या आसपास मिळतं.

हे वाचून दादा म्हणेल, बघ, म्हणजे प्रगती झाली. झालीच. याच होक्काइदोत युबारी नावाचं कोळशाच्या खाणींचं शहर आहे. खाणी बंद पडल्या, पर्यटनावर कर्ज काढून खर्च केला, आणि २००७ मध्ये नगरपालिकेची दिवाळखोरी जाहीर झाली. तिथून तरुण निघून गेले. कुच्चानवर ती वेळ आली नाही, हे बाहेरच्या पैशाचं देणं आहे.

आम्ही उतरलो होतो ते घर सत्तरीच्या एका बाईंचं. नवरा-बायकोनं चाळीस वर्षं चालवलेली छोटी खानावळ-लॉज. एका रात्री भांडी आवरताना मी त्यांना विचारलं, “परदेशी लोकांनी जमीन घेतली याचं वाईट वाटतं का?” त्या म्हणाल्या, “घेतली म्हणजे कुणीतरी दिली. शेजारच्यांची मुलं साप्पोरोला गेली, छप्पर दुरुस्त करायला पैसे नव्हते. विकणारे आम्हीच.” मग थोडं थांबून, “फक्त विकायच्या आधी आम्ही एकत्र बसलो नाही.”

ते शेवटचं वाक्य घेऊन मी परत आले आहे.

कारण डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, पाच हजार वस्तीचं, कुच्चानहून वेगळं असलेलं निसेको नगर एकत्र बसलं होतं. १९९५ पासून तिथं दर वर्षीचं अंदाजपत्रक साध्या भाषेत, चित्रं घालून, घरोघरी वाटतात: कुठल्या रस्त्यावर किती, कुठल्या शाळेवर किती. २००१ साली गावानं आपल्या कारभाराची मूलभूत नियमावली अमलात आणली. जपानमधली ती अशी पहिली. २००४ चा निसर्गदृश्याचा नियम सांगतो की मोठं बांधकाम करायचं तर आधी रहिवाशांना बोलावून आराखडा समजावून सांगा. २०११ मध्ये त्यांनी जलस्रोत आणि भूजल यांच्या रक्षणासाठी स्वतंत्र नियम केले, म्हणजे जमीन कुणाच्याही नावावर असो, खालचं पाणी हवं तसं उपसता येत नाही. या नियमांनी गाव स्वर्ग झालं असं मी म्हणत नाही. घरभाडं तिथंही चढलं. पण आलेल्या माणसाला दारातच गाव भेटतं, एजंट नव्हे. कुच्चाननं २०१९ च्या नोव्हेंबरात राहण्याच्या बिलावर दोन टक्के कर लावला, तो चांगलाच. पण कर येणाऱ्या पैशावर बसतो, गेलेल्या जमिनीवर नाही.

डोंगरावरचा एक नियम मला फार आवडला. आखलेल्या उतारांबाहेरचं भुसभुशीत बर्फ सगळ्यांना हवं असतं आणि तिथंच हिमकडे कोसळतात. पूर्वी माणसं दगावली. पण सरसकट बंदी न करता त्यांनी फाटकं बसवली. रोज पहाटे वारा, बर्फ तपासून हिमकड्यांची माहिती जाहीर होते. फाटक उघडं असेल तर जा, बंद असेल तर कुणीच जायचं नाही, आणि दोरीखालून घुसायचं तर कधीच नाही. घुसलात तर लिफ्टचा पास जातो. नियम मोजके, आधी सांगितलेले, श्रीमंताला आणि गरिबाला सारखेच. आपल्याकडे बंदी आणि मोकाट यांच्यामधली ही जागा सापडत नाही. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तरी वाहनांच्या रांगा आणि अनधिकृत बांधकामं तिथंच. उलट कासच्या पठारावर आजूबाजूच्या गावांची समिती फुलांच्या हंगामात प्रवेशाची संख्या ठरवते, फी घेते, गावच्याच पोरांना राखणीचं काम देते. म्हणजे आपल्याला जमत नाही असं नाही. घरापासून तासाभरावर जमलेलं आहे.

आणखी एक गोष्ट, जी मी ग्रुपवर लिहिली तेव्हा बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. निसेको नगराचं जुनं नाव कारिबुतो. तिथं आरिशिमा ताकेओ या लेखकाच्या घराण्याची मोठी शेतजमीन होती. १९२२ साली त्यांनी ती सगळी आपल्या कुळांना देऊन टाकली, आणि तुकडे करून नव्हे, सामाईक मालकीनं, परस्परांच्या मदतीनं कसायची म्हणून. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जमीन सुधारणांपर्यंत ती तशी कसली गेली. त्यांच्या स्मारकात मी तासभर होते. लेक कंटाळला, मला निघवेना. आमच्या आजोबांची जमीनही कुळाचीच. १९४८ चा कूळकायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, आणि मग हप्त्यांनी किंमत फेडून सातबारावर चढलेलं नाव. जी जमीन कसणाऱ्याच्या हातात यायला पिढ्या लागल्या, ती गुंठ्यागुंठ्यानं जायला दोन उन्हाळे पुरतात. दादा, ही पड जमीन नाही. पड पडलेली जमीन आहे.

‘बाहेरचे’ हा शब्द मात्र मी जपून वापरते. निसेको, कारिबुतो ही नावंच तिथल्या मूळ रहिवाशांच्या, आयनूंच्या, भाषेतून आलेली. १८६९ मध्ये जपाननं त्या बेटाचं नाव होक्काइदो ठेवलं आणि आयनूंच्या जमिनी, जंगलं, मासेमारी त्यांच्या हातून गेली. मूळ रहिवासी म्हणून त्यांना मान्यता देणारा कायदा यायला २०१९ उजाडलं. आमच्या डोंगरातही गवळी-धनगरांचे पाडे आहेत, ज्यांची नावं पुष्कळदा सातबारावर नाहीत. ग्रामसभा बसेल तेव्हा त्यांना बोलवायला हवं, नाहीतर आम्हीही त्यांच्यासाठी तेच ठरू जे एजंट आमच्यासाठी आहेत.

परतीच्या आधी योतेईच्या पायथ्याशी क्योगोकूला गेलो. डोंगरावर वितळलेलं बर्फ जमिनीत मुरून तिथं झऱ्यातून बाहेर पडतं, दिवसाला सुमारे ८०,००० टन. लोक कॅन भरून नेत होते. मी व्हिडिओ करून अण्णांना पाठवला. अण्णांनी फोन करून विचारलं, “हे पाणी कुणाच्या मालकीचं?” मी म्हटलं, “गावाचं. अण्णा, आपल्याकडचे झरे किती आहेत, कुठंकुठं, कधीपर्यंत वाहतात, एवढं लिहून काढाल? आराखड्यावर हरकत घ्यायची तर कागद लागेल.”

काल त्यांनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानाचा फोटो पाठवला. दादाला सोबत घेऊन दोघं तीन दिवस डोंगर फिरले. अकरा झरे, प्रत्येकाचं नाव, गट नंबर आणि महिना. चारांपुढे ‘मे’ आहे, पाचांपुढे ‘मार्च’. उरलेल्या दोनांपुढे दादाच्या अक्षरात लिहिलंय, ‘वरती रस्ता झाल्यापासून बंद’.