जलपर्णी सोडली म्हणून टबातले डास थांबत नाहीत

‘बाल्कनीतल्या कमळाच्या टबात जलपर्णी सोडा, पाणी झाकलं जातं, डास होत नाहीत’ असा मेसेज सध्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. कृपया तसं करू नका.

पानांनी पाणी पूर्ण झाकलं तर काही डासांना अंडी घालायला अडचण होते, एवढं खरं. पण मॅन्सोनिया जातीच्या डासाला जलपर्णीसारख्या पाणवनस्पतीच हव्या असतात. त्याची अळी श्वासासाठी पाण्याच्या वर येत नाही. शेपटाकडची टोकदार नळी ती झाडाच्या मुळात खुपसते आणि तिथूनच हवा घेते. वरून पाणी स्वच्छ दिसतं, अळ्या खाली मुळांच्या झुपक्यात. हे डास हत्तीरोगही पसरवू शकतात. शिवाय पानांमध्ये फट राहिली की डेंग्यूचा एडिस आहेच.

दुसरं, ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतली. अनुकूल हवेत दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. टब भरला की लोक ती जवळच्या ओढ्यात टाकतात. पुण्याची मुळा-मुठा, कल्याणजवळची उल्हास यांचं काय झालंय ते आपण बघतोच.

त्यापेक्षा कुमुदिनी लावा आणि टबात चार-पाच गप्पी मासे सोडा. बऱ्याच महापालिकांच्या हिवताप विभागात ते मिळतात. फक्त हे मासेही नदी-तळ्यात सोडू नका, स्थानिक माशांना त्रास होतो. मासे नको असतील तर आठवड्यातून एकदा पाणी बदला आणि टबाची आतली कड घासा. एडिसची अंडी तिथेच चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात.