रॉकेट उडवायचंय? आधी शेजाऱ्याचा कडबा कुठे रचलाय ते बघा

बाटलीतलं दिवाळीचं रॉकेट आता तुम्हाला पुरत नाही, हे मला पटतं. मोबाईलवर परदेशातली पोरं माणसापेक्षा उंच रॉकेटं ढगांत सोडतात आणि तुम्ही रावेरात बसून केळीच्या घडांना पिशव्या बांधायच्या?

नळीला तोटा नाही. विहिरीवरच्या जुन्या लोखंडी पाइपाचा तुकडा घ्या. फुटला तर किरचा उडतील, म्हणून तिकडचे भित्रे कागद, लाकूड, फायबर वापरतात. ते जाऊ द्या.

मसाला मात्र घरीच ठासा. १९५७ साली रशियाच्या स्पुटनिक उपग्रहाच्या नादात अमेरिकेतली पोरं हेच करत होती. कित्येकांचे हात भाजले, बोटं गेली. पण तोवर नेब्रास्कातल्या एका चपला-बुटांच्या दुकानदारानं तयार, एकदाच वापरायची मोटर (म्हणजे मसाला भरलेली नळी) बनवलेली होती. (चपलावाला! आपण काय त्याच्याकडून शिकायचं?) आता तिथं १६० न्यूटन-सेकंदांपुढच्या, म्हणजे जास्त जोराच्या, मोटरसाठी इतरांसमोर रॉकेट उडवून दाखवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, वर विमान खात्याची परवानगी. हौस अशी मारतात.

आपल्याकडे १८८४ चा स्फोटक कायदा आहे. इंग्रज गेले, कायदाही गेला असेल असं धरून चाला. परवाना देणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय नागपूरला, तिथवर कोण जातंय? विनापरवाना स्फोटक बनवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १९०८ चा दुसरा कायदा संशयास्पद परिस्थितीत नुसतं बाळगलं तरी दहा वर्षांपर्यंत नेतो. भुसावळ नि वरणगावच्या आयुध निर्माण्यांच्या कुंपणाजवळच उडवा, म्हणजे पोलीसही लगेच बघायला येतील.

मग वात. बॅटरीची वायर लांब ओढून बटण दाबायचं, हे बायकी काम. अगरबत्ती लावा. नाहीच पेटलं तर नियमवाले साठ सेकंद जवळ फिरकू देत नाहीत. तुम्ही दहाव्या सेकंदाला जा, गुडघ्यावर बसा, नळीच्या तोंडाशी डोळा न्या. आत एक लालसर ठिणगी अजून सुस्कारत असते, फार देखणी दिसते. बांधावरून काका ओरडतील, "काय करी ऱ्हायना रे भो?" हाताने थांबा म्हणा.

उडालंच समजा, तर पॅराशूटवर पैसे घालू नका. वर गेलेलं खाली येतंच, विनाखर्च. मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत, ते कोणाच्या खळ्यात उतरेल याची काळजी कडबा ज्याचा त्यानं करावी.