नेटचं मीटर कुठं बसवलंय?

गेल्याच्या गेल्या महिन्यात २१ तारखेला दुपारी सव्वातीनला तासगावच्या घरचा कॅमेरा गेला. गेला म्हणजे स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहिलं. मी पुण्यात, ऑफिसमध्ये. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर मी हॉलमध्ये एक छोटा कॅमेरा लावून आलो होतो, आणि तेव्हापासून माझ्या दुसऱ्या मॉनिटरच्या कोपऱ्यात तासगावचा हॉल दिवसभर उघडा असतो. आई वॉकर घेऊन स्वयंपाकघरात जाते, अण्णा पेपर वाचता वाचता पेंगतात, मांजर सोफ्यावर चढतं आणि हाकललं जातं. बघण्यासारखं काही नसतं, पण बरं वाटतं.

अण्णांचा फोन लागेना. आईचा फोन कायम चार्जिंगला, तोही आवाज बंद करून. शेवटी शेजारच्या काकूंना फोन लावला. त्या कणीक तशीच टाकून धावत गेल्या. अण्णा मागच्या अंगणात नारळ सोलत होते आणि आई झोपली होती. काकू मला म्हणाल्या, "अरे सगळं ब्येस हाय हितं. तुला काय झालं?"

मग केबलवाल्याच्या पोराला फोन केला. (कंपनीचं नाव सांगणार नाही, उगाच कमेंटमध्ये विचारू नका. तुमच्या गल्लीतही असाच कोणीतरी असेल.) आमचं बोलणं जसंच्या तसं देतो:

"दादा, तुमचा डेटा संपलाय. टॉप-अप मारू का?"

"अरे, प्लॅन अनलिमिटेड आहे ना?"

"अनलिमिटेडच आहे की! बंद कुठं पडलंय? स्लो झालंय फक्त."

मला दोन मिनिटं काही बोलताच आलं नाही. कारण त्याच्या परीने तो खरंच बोलत होता. त्याला तसंच शिकवलंय.

प्लॅन असा: ५० एमबीपीएस, अनलिमिटेड, महिन्याला ५९९, वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ७०७ रुपये. गल्लीच्या तोंडावर त्याचा फ्लेक्स आहे, त्यावर 'अनलिमिटेड' हा शब्द लांबून एसटीतूनही वाचता येतो. त्याच फ्लेक्सच्या तळाशी, गटाराला लागून, मुंगीएवढ्या अक्षरात '३०० जीबीनंतर १ एमबीपीएस, एफयूपी लागू'. एफयूपी म्हणजे फेअर यूसेज पॉलिसी. ही पॉलिसी नेमकी कोणाच्या बाजूने फेअर आहे, ते फ्लेक्सवर नाही.

मी नुसता हिशोब केला. ५० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५० मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला सव्वासहा एमबी. त्या वेगाने ३०० जीबी किती वेळात संपतं? १३ तास २० मिनिटांत. महिन्याचे तास ७२०. म्हणजे ज्या वेगाच्या नावाने पैसे घेतले, तो पूर्ण वेग मी महिन्यात जेमतेम १३ तास वापरू शकतो. आता कोणी सतत पूर्ण वेगाने वापरत नाही, हे मलाही कळतं. पण मग वेगाची जाहिरात कशाला करता? थेट '३०० जीबी, ७०७ रुपये' लिहा की. गोडेतेलाच्या डब्यावर लिहितात तसं.

बरं, पण ३०० जीबी २१ दिवसांत गेलं कुठं? घरात दोन म्हातारी माणसं. मी आधी अण्णांवरच घसरलो. "अण्णा, टीव्हीवर दिवसभर यूट्यूब लावून ठेवता का?" ते बिचारे म्हणाले, "कीर्तन बघतो रे. आणि हिचे ते रेसिपीचे." दिवसाला पाचेक तास. एचडीमध्ये तासाला दीड जीबी धरलं तर दिवसाला साडेसात, २१ दिवसांचे झाले १५७. उरलेले १४२ कोणाचे?

माझे. माझा तो कॅमेरा. मी पुण्यात बसून दिवसाचे दहा तास लाईव्ह उघडा ठेवायचो. दीड एमबीपीएसने तो चालतो, म्हणजे दिवसाला पावणेसात जीबी तासगावातून बाहेर जात होते. तेही मोजतात. आपल्याला वाटतं डाऊनलोडलाच मर्यादा, पण बहुतेक प्लॅनमध्ये जाणारं-येणारं दोन्ही एकाच हंड्यातून जातं. २१ गुणिले पावणेसात, बरोबर १४२. आईबापाची काळजी मी त्यांच्याच कोट्यातून करत होतो आणि वर अण्णांना कीर्तनावरून बोललो.

अण्णा मात्र शांत होते. म्हणाले, "गेल्या महिन्यातही शेवटी शेवटी दमलं होतं. मला वाटलं महिनाअखेरीला दमत असेल. पगारासारखं."

अण्णा विकास सोसायटीचे सचिव होते, आयुष्य खतावणीत गेलं. त्यांच्याकडे एक वही आहे. दर १ तारखेला ते जिन्याखाली जाऊन विजेच्या मीटरचा आकडा टिपून आणतात, वहीत तारीख, रीडिंग, वापर. बिल आलं की ताडून बघतात. गॅस सिलिंडर कधी लावला, कधी संपला, तेही त्याच वहीत. तर त्यांनी मला सरळ विचारलं, "नेटचं मीटर कुठं बसवलंय? उद्यापासून लिहून ठेवतो."

या प्रश्नावर मी इतके दिवस अडकून आहे, म्हणून ही पोस्ट.

मीटर आहे, पण त्यांच्याकडे. विजेचं मीटर माझ्या जिन्याखाली असतं, त्याला सील असतं, आकडा मला दिसतो, शंका आली तर अर्ज करून तपासून घेता येतं. नेटचं मीटर कंपनीच्या सर्व्हरवर. तिथं जो आकडा येईल तो खरा. मी राऊटरमध्ये शिरून बघितलं, तिथे वेगळाच आकडा होता. राऊटर वीज गेली की शून्यावरून मोजायला लागतो, आणि तासगावात वीज जाते. मग भांडणार कशाच्या जोरावर? मी असं म्हणत नाही की ते चोरी करतात. तपासायची सोयच नाही, एवढंच म्हणतोय.

काही जण म्हणतील, ट्राय (फोन-नेट कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) काय झोपलीय का? नाही. २०१६ च्या ऑक्टोबरात ट्रायने आदेश काढला होता की कोटा ५० टक्के, ९० टक्के आणि १०० टक्के वापरून झाला की ग्राहकाला मेसेज किंवा ईमेल गेला पाहिजे, आणि मर्यादा संपल्यावरही घरच्या ब्रॉडबँडचा वेग ५१२ केबीपीएसच्या, म्हणजे साधारण अर्ध्या एमबीपीएसच्या, खाली जाता कामा नये. मेसेज आलेही होते. अण्णांच्या फोनवर सापडले. इंग्रजीत, कर्ज देणाऱ्यांच्या आणि लॉटरीच्या मेसेजमध्ये गाडलेले, खाली एक लिंक. अण्णांनी उघडले नाहीत, कारण मीच त्यांना दहा वेळा बजावलंय की अनोळखी लिंकवाला मेसेज उघडायचा नाही. आता कोणाला बोलणार!

आणि ते ५१२ केबीपीएस बघा. २०१६ साली ठीक होतं. २०२३ च्या जानेवारीत सरकारनेच व्याख्या बदलली, २ एमबीपीएसच्या खाली असेल त्याला ब्रॉडबँड म्हणायचंच नाही. म्हणजे माझ्या अण्णांना २१ तारखेनंतर १ एमबीपीएसवर जे मिळत होतं, ते सरकारी व्याख्येनुसार ब्रॉडबँडच नव्हतं. पावती मात्र ब्रॉडबँडची.

मर्यादा हा प्रकार नवीन नाही, हे आमच्या वयाच्या लोकांना सांगायला नको. २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन आलं, २५६ केबीपीएस. तेव्हा सरकारी व्याख्येत तेवढ्यालाच ब्रॉडबँड म्हणायचे. एका प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ वापर मोफत होता. आम्ही सांगलीत कॉलेजला होतो. १ वाजून ५५ मिनिटांचा गजर लावून उठायचं, डाऊनलोड लावायचं, परत झोपायचं. आणि आठच्या आत उठून बंद करायचं, कारण आठनंतर एमबीवर पैसे. डोळे तारवटलेल्या अवस्थेत सकाळचं प्रॅक्टिकल केलंय. हसू येतं आता.

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या जुन्या प्लॅनमध्ये शहाणपण होतं. नेटवर्कवर ताण केव्हा येतो? रात्री आठ ते अकरा, जेव्हा गल्लीतले सगळे टीव्ही एकदम चालू होतात. फायबरची एक लाईन खांबावरच्या डब्यात फोडून बत्तीस-चौसष्ट घरांना वाटलेली असते, तेव्हा गर्दी होते ती त्या तीन तासांत. पहाटे तीनला ती लाईन मोकळीच पडलेली असते. ऑपरेटरला वरच्या मोठ्या कंपनीकडून बँडविड्थ, म्हणजे नेट वाहून नेण्याची क्षमता, घ्यावी लागते तीही गर्दीच्या वेळेच्या हिशोबाने. पहाटे तीनला मी दहा जीबी जास्त ओढले तर त्याचा खर्च जवळपास काहीच वाढत नाही. आजचा एफयूपी मात्र पहाटे तीनचा जीबी आणि रात्री नऊचा जीबी एकाच भावाने कापतो. मग ही मर्यादा गर्दी आवरायला आहे, यावर विश्वास कसा ठेवायचा? माझा कॅमेरा तर दुपारी चालायचा, जेव्हा अर्धं तासगाव वामकुक्षी करत असतं.

तांत्रिक नाइलाज असता तर तो असा वर्षभरात गायब झाला नसता. २०१९ च्या सप्टेंबरात जिओफायबर आलं तेव्हा त्यांच्या ६९९ च्या प्लॅनला १०० एमबीपीएस वेग आणि १०० जीबीची मर्यादा होती, वर सुरुवातीचे काही महिने ५० जीबी जादा. पूर्ण वेगाने सव्वादोन तासांचा माल! २०२० च्या ऑगस्टअखेरीस त्यांनी ३९९ पासून अनलिमिटेड जाहीर केलं आणि काही दिवसांत एअरटेलने ४९९ चं आणलं. तिथेही ३३०० जीबीची रेघ आहेच, पण दिवसाला ११० जीबी घरात वापरून दाखवा. त्या रेघेबद्दल माझी तक्रार नाही. घरगुती कनेक्शन घेऊन त्यावर अख्खं लॉज चालवणाऱ्याला कुठंतरी अडवायलाच हवं. पण बघा, लाईन तीच, खांब तेच, मर्यादा तेहतीस पट. बदलली ती स्पर्धा.

आणि हे काही आपल्याच नशिबी नाही. अमेरिकेत कॉमकास्ट या केबल-इंटरनेट कंपनीने २००८ मध्ये २५० जीबीची मर्यादा आणली, ती वाढत वाढत १.२ टीबीवर, म्हणजे १२०० जीबीवर गेली. त्यावर गेलं की दर ५० जीबीला १० डॉलर पडायचे, महिन्याला जास्तीत जास्त १००. गंमत अशी की ईशान्येकडच्या राज्यांत ही मर्यादा लागूच नव्हती. म्हणजे अटलांटातल्या मराठी माणसाला मीटर आणि न्यू जर्सीतल्याला नाही, कंपनी एकच. ईशान्येकडे समोर व्हेरायझन या प्रतिस्पर्धी कंपनीची फायबर उभी होती, हा काही योगायोग वाटत नाही मला. २०२० च्या मार्चमध्ये कोरोना आला, सगळे घरात कोंडले, आणि नेमक्या त्या महिन्यात कॉमकास्टने मर्यादा तात्पुरती उठवली. गर्दी सगळ्यात जास्त असताना! नेटवर्क चाललं.

आमच्या गल्लीत एकच वायर येते. हे सगळं त्या एका वाक्यात आहे. दुसऱ्या कंपनीला फोन केला तर "सर, आपका एरिया फीजिबल नहीं है." वायरशिवाय, हवेतून नेट देणाऱ्यांचा कोटा बघितला, त्यांचा १००० जीबी, पण आमच्या घरासमोर चिंचेचं झाड आणि त्यामागे मंगल कार्यालयाची तीन मजली भिंत. तंत्रज्ञ आला, फोन वर धरून गच्चीभर फिरला, चहा पिऊन गेला.

मला सगळ्यात जास्त जे खुपलं ते पैशाचं नाही. २०० रुपयांचा टॉप-अप मारला असता आणि विसरलो असतो. खुपलं ते असं की त्या दिवसापासून घरात पहारा सुरू झाला. अण्णांनी टीव्हीवरचं कीर्तन धूसर केलं, ३६० वर. आई रेसिपी बघायला लागली की ते म्हणतात, "एकदा बघितलीयस की ती." सुट्टीला नातवंडं येणार तर आधी विचारणा, "ती गेम खेळतात त्याला किती जातं?" मी स्वतः अॅप उघडून आकडा बघतो आणि डोक्यात भागाकार करतो. कंपनीने एक मर्यादा घातली आणि ती राखायला आम्ही चार माणसं फुकट कामाला लागलो, एकमेकांवरच. पूर्वी एसटीडी फोनला कुलूप असायचं घराघरांत, आठवतंय? किल्ली आजोबांच्या जानव्याला. तसं.

माझी मागणी फार मोठी नाही. फ्लेक्सवर 'अनलिमिटेड' ज्या आकारात लिहिता, त्याच आकारात ३०० लिहा. मेसेज मराठीत पाठवा, लिंकशिवाय. रात्री बारा ते सकाळी आठ मोजू नका, तेव्हा तुमचं जात नाही काही. आणि अण्णांना आकडा दाखवा. टीव्हीच्या कोपऱ्यात दाखवा, राऊटरवर छोटा डिस्प्ले लावा, काय वाटेल ते करा.

सध्या आमची तात्पुरती सोय अशी: कॅमेरा मी हालचालीवर ठेवलाय, दिवसभर लाईव्ह बघत नाही. दर रविवारी सकाळी अण्णा फोन करतात, मी अॅपवरचा आकडा सांगतो, ते वहीत विजेच्या शेजारी नवीन रकाना आखून लिहितात. गेल्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्यांनी वजाबाकी करून विचारलं, "शिल्लक पुढच्या महिन्यात ओढतात का?"

"नाही अण्णा. १ तारखेला परत शून्यापासून."

"म्हणजे बुडीत?"

"बुडीत."

ते काही बोलले नाहीत. काल महिन्याची अखेर. रात्री पावणेबाराला माझ्या फोनवर कॅमेऱ्याची सूचना आली, हॉलमध्ये हालचाल. छातीत धस्स झालं. उघडून बघतो तर दिवा चालू, आई शाल पांघरून सोफ्यावर, अण्णा खुर्चीत ताठ, टीव्हीवर कीर्तन एकदम चकचकीत. फोन केला.

"अण्णा, झोपला नाहीत?"

"एकोणतीस जीबी उरलेत," ते म्हणाले. "बारापर्यंत जेवढे होतील तेवढे. आणि तू ठेव आता, तुझा कॅमेरा पण खातोय."